काळी पाटी

पणजीच्या बाजाराजवळच्या रांगेत ती कायम टोकाला उभी असते. बाकीच्या बहुतेक बिनगियरच्या स्कूटर, एकीला एक खेटून लावलेल्या. ही साडेतीनशे सीसीची बुलेट साइड स्टँडवर डावीकडे कललेली, शेजारणीपासून हातभर अंतर राखून. हे अंतर मालक मुद्दाम ठेवतो, कारण तिचं वजन पावणेदोनशे किलोंच्या वर आहे आणि ती पडली तर एकटी पडणार नाही. टाकीचा गडद हिरवा रंग, गुडघे लागतात त्या जागी दोन्ही बाजूंनी विटला आहे. डाव्या आरशाची काच मूळची, उजव्याची बाजारातली; त्यामुळे मागून येणारी गाडी दोन आरशांत दोन वेगळ्या अंतरांवर दिसते. क्लचची लिव्हर टोकाला किंचित वाकलेली. मागच्या मडगार्डवर एक ओरखडा, त्यावर रंगाचा हात फिरवलेला, आणि त्याच्याच शेजारी नवा ओरखडा.

हे सगळं गिऱ्हाईकाला दाखवून, त्याच्याच मोबाइलवर तिच्याभोवती फिरून व्हिडिओ काढायला लावून मगच मालक चावी देतो. आधीच्याने पाडलेला डाग नंतरच्याच्या माथी लागू नये म्हणून ही पद्धत. लायसनची प्रत घेतो, डिपॉझिट घेतो, दोन हेल्मेट देतो आणि शेवटी ठरलेलं वाक्य बोलतो : "पात्रांव, पेट्रोल थोडेंच आसा. फुडें पंप आसा, पयलीं थंय वच." मी सावंतवाडीकडचा, त्यामुळे माझ्याशी तो कोकणीतच बोलतो. दिल्लीच्या, हैदराबादच्या पोरांना हेच वाक्य हिंदीत ऐकायला मिळतं.

तिच्या अंगावरची सगळ्यात बोलकी जागा म्हणजे नंबराची पाटी. काळी पाटी, त्यावर पिवळी अक्षरं. आपल्याकडे खासगी गाडीला पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं असतात. टॅक्सीला, रिक्षाला पिवळ्या पाटीवर काळी. गोव्यात माणसाला पाठीमागे बसवून नेणारे मोटारसायकल पायलट आहेत. ॲपवाल्या बाईक-टॅक्सी देशात यायच्या कितीतरी आधीपासून ते परवाना घेऊन हे काम करतात. त्यांच्या गाडीचं मडगार्ड पिवळं आणि पाटीही पिवळी. जी गाडी भाड्याने न्यायची आणि गिऱ्हाईकानेच चालवायची, तिला मात्र काळ्यावर पिवळी अक्षरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 75 खाली केंद्र सरकारने 1997 मध्ये मोटारसायकली भाड्याने देण्याची योजना काढली. हिचा सगळा संसार त्या योजनेच्या कागदावर उभा आहे.

शाळेचा गणवेश घातलेलं पोर चेहरा दिसायच्या आधीच कुठल्या शाळेचं ते कळतं, तसं हिचं आहे. नंबर वाचता येण्याच्या कितीतरी आधी रंग पोचतो. चौकातल्या वाहतूक पोलिसाला तेवढं पुरतं. गाडी गोव्याची, चालवणारा बाहेरचा. मग चालवणारा दर महिन्याला येणारा माझ्यासारखा शेजारच्या जिल्ह्यातला असो, की आज सकाळीच मोपाच्या विमानतळावर उतरलेला असो. पाटी दोघांबद्दल एकच सांगते. पांढऱ्या पाटीच्या ओळीत तीच एक काळी असेल तर हात तिच्यासाठी वर होण्याची शक्यता जास्त, हे गोव्यात भाड्याने गाडी घेतलेला प्रत्येक जण अनुभवाने शिकतो. महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या नंबराची गाडी घेऊन आलेलेही हेच सांगतात.

म्हणून कित्येक प्रवाशांना पांढऱ्या पाटीची गाडी हवी असते. ती देणारेही भेटतात. घरची स्कूटर, मेव्हण्याची मोटारसायकल हंगामात पर्यटकाला देऊन टाकायची, वर सांगायचं, कोणी विचारलं तर मित्राची आहे म्हण. वाहतूक खातं आणि पोलिस अशा गाड्या पकडतात, तरी हा धंदा सुरूच असतो. यात प्रवाशाला वाटतं, आपण पोलिसाच्या नजरेतून सुटलो. त्याने एकच गोष्ट बघितलेली नसते. खासगी वापरासाठी काढलेल्या विम्यात भाड्याने दिलेली गाडी बसत नाही. रस्त्यात कुणाला धडक बसली, पाय मोडला, त्याहून वाईट काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि नुकसानभरपाईचं ओझं त्या 'मित्रा'वर आणि चालवणाऱ्यावर येतं. काळी पाटी ही जोखीम उघडपणे घेते. मी भाड्याने दिली जाते, मी परक्या हातात आहे, माझा विमा तसा काढलेला आहे, असं ती रस्त्याला सांगत फिरते. मला तिच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी. गोव्याच्या रस्त्यावर जे जे धावतं त्यात स्वतःविषयी इतकं खरं सांगणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

हिचं घराणंही मोठं आहे, आणि पोलिसाशी त्याचं जुनं नातं आहे. 1950 च्या दशकात सीमेवर गस्त घालण्यासाठी भारतीय सैन्याला दणकट मोटारसायकल हवी होती, ती इंग्लंडच्या रॉयल एन्फिल्डची बुलेट ठरली. 1955 मध्ये मद्रासला तिचा कारखाना उभा राहिला. पुढे ती सैन्याबरोबर पोलिसांचीही झाली. कोकणात काय आणि देशावर काय, गावात फौजदार आला हे आधी त्याच्या बुलेटच्या आवाजाने कळायचं. चावडीवरची माणसं तो आवाज ऐकून सदऱ्याची बटणं लावायची. त्या जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. किक मारण्याआधी हेडलाइटजवळच्या ॲमीटरचा काटा बघून पिस्टन नेमक्या जागी आणायचा आणि मगच जोर लावायचा. ज्याला ते जमत नसे त्याच्या पोटरीवर किक उलटी बसायची.

त्याच जुन्या बुलेटवर साठ-सत्तरच्या दशकात हणजुण्याला आलेले युरोप-अमेरिकेचे तरुण स्वार झाले. कुणी विकत घेतली, महिनोन् महिने किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवली आणि परत जाताना दुसऱ्या प्रवाशाला विकून टाकली. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात त्यांच्या गाड्या उभ्या असायच्या. जी गाडी सत्तेची म्हणून ओळखली जात होती, ती गोव्यात येऊन मोकळेपणाची झाली. आज भाड्याने बुलेट मागणाऱ्या पोराला यातलं काही माहीत नसतं. त्याला समुद्रासमोर तिच्यावर बसून फोटो हवा असतो. पण त्या फोटोची ओढ त्याच जुन्या दिवसांतून आली आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आमची ही त्या घराण्यातली धाकटी. गियर डाव्या पायाला, सेल्फ स्टार्ट, पुढे डिस्क ब्रेक. बटण दाबलं की चालू होते. तरी पहिल्या गियरला टाकताना जो एक जड, आतून येणारा टक् आवाज होतो, तो आजीचाच आहे.

पणजीतून तिला चालवायचं म्हणजे हळू चालवायचं. पाटो पुलावरून ओरेंच्या खाडीच्या कडेने आलं की उजवीकडे-डावीकडे रस्ते अरुंद होत जातात. फोंताइनीशमध्ये पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती रस्त्याला इतक्या लागून आहेत की घराचं दार उघडलं की माणूस सरळ रस्त्यावर पाय ठेवतो. इथे हिचा आवाज दोन्ही भिंतींवर आपटून दुप्पट होतो. आत माणसं राहतात, दुपारची झोपतात, कुणाच्या घरी आजारपण असतं. रहिवासी पर्यटकांच्या फोटोंना आणि कोलाहलाला वैतागलेले आहेत आणि त्यांचा वैताग रास्त आहे. मालकाने हिचा कंपनीचा सायलेन्सर बदललेला नाही. "आवाजवाली नाही का?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाईकाला तो दुसरीकडे जायला सांगतो. बदललेला, ठणाणणारा सायलेन्सर हा ध्वनिप्रदूषणाचा गुन्हा आहे आणि त्याला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मालकाचं कारण साधं आहे. त्याची मावशी त्याच वस्तीत राहते.

तिथून चर्चच्या पांढऱ्या पायऱ्यांसमोर आलं की शहराची एकेरी वाहतूक सुरू होते. अठरा जून मार्ग आणि महात्मा गांधी मार्ग हे दोन्ही पणजीचे मुख्य रस्ते. नवख्याला ते एकमेकांना समांतर दिसतात आणि ज्यातून आलो त्यातूनच परत जाता येईल असं वाटतं. येत नाही. चुकीच्या तोंडाने वळलेली काळी पाटी लोकांच्या चटकन डोळ्यांत भरते. पांढऱ्या पाटीवाला स्थानिक तीच चूक करतो तेव्हा कोणी मान वळवत नाही. पुढे मांडवीच्या काठाने दयानंद बांदोडकर मार्ग लागतो. जुनं सचिवालय, म्हणजे आदिलशहाचा वाडा, त्याच्या बाजूला एका बाईला संमोहित करणारा आबे फारियाचा पुतळा, नदीत उभी कॅसिनोंची जहाजं, मग कांपाल, चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी, मिरामार आणि शेवटी दोनापावल. हा रस्ता हिच्यासाठीच केलेला वाटतो. चौथ्या गियरला चाळीसच्या आसपास ती अगदी स्वस्थ चालते, इंजिनाचा एकेक ठोका मोजता येतो आणि उजव्या हाताला पाणी असतं. कार्निव्हल आणि शिगमो यांच्या मिरवणुकांच्या दिवशी मात्र शहरातले रस्ते बंद करतात, वळवतात. त्या दिवशी तिला जागेवर ठेवून चालत निघावं.

मांडवी ओलांडताना आणखी एक गोष्ट आहे. नदीवरचा पहिला पूल 1986 च्या जुलैत कोसळला होता आणि त्यानंतर काही काळ पणजीची माणसं फेरीबोटीच्या भरवशावर होती. आता तीन पूल आहेत. त्यातला सगळ्यात उंच, तारांनी तोललेला अटल सेतू 2019 च्या जानेवारीत सुरू झाला. त्याच्यावर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे. फोनमधला नकाशा मोटारीच्या खुणेवर ठेवलेला असेल तर तो बिनदिक्कत त्या पुलाच्या चढावर नेऊन सोडतो. नकाशावर आधी दुचाकीचं चिन्ह निवडावं आणि पुलाच्या तोंडाशी लावलेली पाटीही वाचावी. वरती वारा जोराचा असतो आणि तिथून मागे वळायला जागा नाही. म्हापशाकडे जायला खालचे दोन जुने पूल आहेत, हिला तेच बरे.

मला स्वतःला तिच्याबरोबरचा सगळ्यात आवडता प्रवास रायबंदरकडचा. पाटोपासून मिठागरांमधून जाणारा सतराव्या शतकातला पोर्तुगीज बांध, मग रायबंदरचा धक्का आणि तिथून बोटीने चोडणला. बोटीवर चढताना पुढचं चाक लोखंडी फळीवर ठेवून अंदाज घ्यावा लागतो. वर गेल्यावर इंजिन बंद, गियरमध्ये ठेवून स्टँड, आणि एक हात तिच्या सीटवर. शेजारी मासळीची टोपली बांधलेली स्कूटर, शाळेची पोरं, एखादा पायलट. बोटीवर काळी पाटी आणि पांढरी पाटी एकमेकींना टेकून उभ्या असतात आणि तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही.

पोलिसाचा हात वर होतो तो बहुधा वळणाच्या पुढे किंवा सिग्नलच्या पलीकडे. ती थांबायला वेळ घेते. वजनच तसं आहे. सवय नसलेला घाईत क्लच सोडतो, ती एक गचका देऊन बंद पडते आणि चालवणाऱ्याचा धीर तिथेच निम्मा होतो. तसं होऊ देऊ नये. इंडिकेटर देऊन डावीकडे घ्यावी, न्यूट्रल करून इंजिन बंद करावं, उतरून रस्त्यापासून आत उभं राहावं आणि नमस्कार करावा. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन दाखवणं हे कलम 130 प्रमाणे चालवणाऱ्याचं कर्तव्य आहे. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. 2018 पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधले कागद मोबाइलवर दाखवले तरी ते कायद्याने ग्राह्य आहेत. हिचे स्वतःचे कागद, म्हणजे आरसी, विमा, पीयूसी, भाड्याच्या परवान्याची प्रत, उजव्या बाजूच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत असतात. तो डबा त्याच चावीने उघडतो, हे चावी घेतानाच विचारून घ्यावं. पोलिसासमोर सीट उचकटत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

मिरामारच्या बाजूला एकदा मी शहाळं पीत उभा होतो. समोर एका स्कूटरवरच्या जोडप्याला थांबवलं होतं. मुलगा पुण्याकडचा, नीट बोलणारा. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, कागद जागेवर. पोलिसाने लायसन उलटंपालटं करून पाहिलं.

"हे कारचं आहे. टू-व्हीलरचं कुठाय?"

"साहेब, मला गाडी येते ना चालवता. कॉलेजपासून चालवतोय."

"येणं वेगळं. लायसनवर असणं वेगळं. मागे बघा, मोटारसायकलचा क्लास नाही तुमच्याकडे."

पोलिस आवाज न चढवता बोलत होता. मुलाने पहिल्यांदाच आपलं लायसन मागून वाचलं असावं. चारचाकीचा परवाना म्हणजे दुचाकीचाही, असं समजून चालणारी असंख्य माणसं आहेत. नियमाप्रमाणे परवान्याशिवाय चालवल्याचा दंड पाच हजार, आणि तशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच. त्या दिवशी मुलाने पावती घेतली आणि मालकाला फोन लावला. मालकाने दुसरा माणूस पाठवून स्कूटर नेली. दोघंही चालत किनाऱ्याकडे गेले. मला त्या पोलिसाचं वागणं फार आवडलं. चूक नेमकी कुठे आहे ती त्याने बोट ठेवून दाखवली. रस्त्यावर याहून जास्त काय हवं?

पण असं प्रत्येक वेळी होत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. कुठल्याही पर्यटनाच्या गावात, कुठल्याही राज्यात, बाहेरच्या माणसाची घाई ओळखून 'इथेच मिटवू' म्हणणारा कुणीतरी भेटतो. आणि त्याला नोट काढून देणारा प्रवासीही तितकाच तयार असतो, कारण त्याला दुपारपर्यंत आग्वादच्या किल्ल्यावर पोचायचं असतं. या देवाणघेवाणीत हिचं नुकसान होतं. नोट देऊन सुटलेला माणूस हेल्मेट घालत नाही, तिसऱ्याला उतरवत नाही, बदललेला आरसा नीट करत नाही. पुढच्या वळणावर तो तसाच असतो आणि त्याच्याखाली ही असते. पावती घेतलेला निदान विचार करतो. विनाहेल्मेट चालवल्याचा दंड एक हजार आणि वर तीन महिने लायसन निलंबित होण्याची तरतूद, हे पावतीवर वाचलेला माणूस घरी जाऊन इतरांना सांगतो. दंड खरा असेल तर भरावा, चुकीचा वाटला तर न्यायालयाचा रस्ता आहे, आणि लायसन ठेवून घेतलं तर त्याची पोच मागावी. ती देणं पोलिसाला बंधनकारक आहे. प्रामाणिकपणे उन्हात आठ-आठ तास उभं राहणाऱ्या पोलिसावर संशय येतो तोही त्या नोटांमुळेच.

आता चलन बहुतेक यंत्रावर निघतं, आणि नोंद होते ती गाडीच्या नंबरावर. माणूस जयपूरला परत गेलेला असतो आणि संदेश येतो मालकाच्या मोबाइलवर. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, मागच्या सीटवर दोघं. कुणी केलं ते रजिस्टर उघडून शोधावं लागतं. फोन उचलला गेला तर पैसे मिळतात, नाहीतर डिपॉझिटमधून वजा, नाहीतर पदरचे. मालकाच्या वहीत हिच्या नावाचं पान इतर गाड्यांपेक्षा भरलेलं आहे, कारण बुलेट घेणाऱ्याला वेग दाखवायचा असतो. तिने आजवर स्वतःहून एकही सिग्नल तोडलेला नाही. तरी सगळे गुन्हे तिच्याच नंबरावर आहेत.

रात्रीची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याबद्दल मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही. पणजीतून बाहेर पडलं, बार्देशच्या बाजूला कळंगुट, हणजुणे, शापोरा, नाहीतर पलीकडे हरमल, की रस्ते भातशेताच्या कडेने, चिऱ्याच्या कुंपणांमधून वळत जातात. दिवे तुरळक. वळणावर गुरं बसलेली. चिऱ्याची भिंत लागली तर माणूस वाचत नाही. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल. बीअरच्या एकदोन बाटल्यांनीही ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि हा गुन्हा रस्त्यावर दंड भरून मिटत नाही, न्यायालयातच जावं लागतं. परतीचं तिकीट असलेल्याला त्या क्षणी हे फार कठोर वाटतं. मालक सांगतो की हिच्या अंगावरचे खोल ओरखडे बहुतेक रात्रीचे आहेत. रात्री हात वर करून श्वास तपासणारा पोलिस मला तरी कधी नकोसा वाटलेला नाही. त्याने थांबवलेल्यांपैकी काहींची आई दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज ऐकते, ते त्याच्यामुळे. पायलटला बोलवा, टॅक्सी करा, आहात तिथेच झोपा. चावी सकाळी घ्या.

समुद्राचंही तिच्याशी वैर आहे. वाळूत गाडी घालायला बंदी आहे, तरी फोटोसाठी कुणीतरी घालतंच. खारं पाणी स्पोकांच्या मुळाशी, रिमच्या कडेला, सायलेन्सरच्या खालच्या बाजूला बसतं. साखळीत वाळू गेली की दातेरी चक्रं लवकर झिजतात. आणून दिलेल्या गाडीच्या साखळीवर मालक आधी बोट फिरवतो. वाळू लागली की काही न बोलता पाइप सोडतो आणि गोड्या पाण्याने तिला खालपासून वर धुतो. धुताना तो तिच्या टाकीवरून दोनदा हात फिरवतो, एवढंच मला दिसतं. त्याने हिच्याबद्दल प्रेमाचा शब्द कधी काढलेला नाही.

जूनमध्ये पाऊस लागला की भाडं पडतं. सांजांवच्या सणाला काही जण येतात, नंतर रांग पातळ होते. हिला पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन बॅटरीच्या वायरी सोडवतात, पेट्रोल काढतात, साखळीला ग्रीस लावतात, वर निळी ताडपत्री. याच दिवसांत तिचे कागदही नवे होतात : विमा, पीयूसी, परवान्याचं काम. मेस्त्री इंजिनाला हात लावतो, क्लच प्लेटा बदलतो, वाकलेली लिव्हर सरळ करायला बघतो आणि मग म्हणतो, राहू दे, कोणीतरी परत पाडणारच. ऑक्टोबरमध्ये पहिलं विमान भरून येतं तेव्हा ती पुन्हा टोकाला उभी असते.

आता मालकाने तिला विकायचं ठरवलं आहे. फोंड्याचा एक इलेक्ट्रिशियन घ्यायला तयार आहे; त्याला कामावर जायला दणकट गाडी हवी. आधी आरटीओत जाऊन भाड्याचा परवाना रद्द करायचा, गाडी खासगी म्हणून नोंदवायची, कर आणि विमा बदलायचा, थकलेली चलनं भरायची, कारण ती बाकी असताना कागद पुढे सरकत नाहीत. मग काळी पाटी उतरेल. हाय सिक्युरिटी पाटीचं कुलूप पुन्हा वापरता येत नाही, ते तोडूनच काढावं लागतं. तिच्या जागी पांढरी, काळ्या अक्षरांची बसेल. इंजिन तेच, विटलेली टाकी तीच. पाटोच्या चौकातून ती रोज सकाळी जाईल आणि तिच्याकडे कोणी बघणार नाही. इलेक्ट्रिशियनने दोन गोष्टी मागून घेतल्या आहेत : उजवा आरसा कंपनीचा, आणि साखळी व दोन्ही चक्रं नवीन. मालक आरशाला तयार झाला, साखळीचे पैसे निम्मे-निम्मे ठरले.